स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यातील निर्णय

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हा मेंदूची कार्ये क्रमाक्रमाने बंद पाडणारा आणि शेवटी मृत्यूकडे नेणारा आजार आहे. अल्झायमर हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील बिघाडामुळे होणारा स्मृतिभ्रंश हा दुसरा मोठा प्रकार. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतातील साठ वर्षांवरील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक या आजाराने ग्रस्त आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आहे. कर्करोगाचे निदान झाले की घरात मृत्यूचा विचार निदान मनात तरी येतो. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत तसे होत नाही. वय झाले की विसरायला होतेच, अशी समजूत असते. आजार अनेक वर्षे रेंगाळतो आणि त्याने माणूस दगावतो हे बहुतेक कुटुंबांना कोणी सांगितलेलेच नसते.

या अज्ञानाची किंमत अखेरच्या काही महिन्यांत मोजावी लागते. रुग्णाला न्यूमोनिया होतो, रात्री रुग्णालयात हलवावे लागते आणि दाराशीच विचारले जाते: नळी घालायची का, अतिदक्षता विभागात ठेवायचे का, व्हेंटिलेटर लावायचा का? सही मुलाने किंवा सुनेने करायची असते आणि हाताशी काही मिनिटेच असतात. ‘उपचार करायचे की सोडून द्यायचे’ असे दोनच पर्याय कुटुंबाला दिसतात. पेच असा मांडणे हीच मुळातली चूक आहे. उपचार कशासाठी करायचे, आयुष्य लांबवण्यासाठी, हरवलेली क्षमता परत मिळवण्यासाठी की त्रास कमी करण्यासाठी, हे आधी ठरले पाहिजे. आणि ते ठरवण्याची योग्य वेळ आजाराच्या सुरुवातीला, रुग्ण स्वतः बोलू शकतो तेव्हा असते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अखेरचा टप्पा ओळखता येतो. रुग्णाला जवळची माणसे ओळखू येत नाहीत, बोलणे चार-पाच शब्दांवर येते किंवा थांबते, चालता येत नाही, मलमूत्रावर ताबा राहत नाही आणि आधाराशिवाय बसणेही अवघड होते. त्यानंतर गिळण्याची क्रिया बिघडते. अमेरिकेतील बॉस्टन परिसराच्या शुश्रूषागृहांमध्ये अशा ३२३ रुग्णांचा दीड वर्ष मागोवा घेऊन केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात निम्म्याहून अधिक, सुमारे ५५ टक्के रुग्ण मरण पावले. सुमारे ८६ टक्के रुग्णांना खाण्यापिण्याची अडचण आली, तर ४१ टक्के रुग्णांना न्यूमोनिया झाला. मृत्यूपूर्वी हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात असे काही वेगळे मोठे कारण फार थोड्यांच्या बाबतीत घडले. खाणे तुटणे, ताप येणे आणि छातीत संसर्ग होणे हाच या आजाराचा शेवटचा मार्ग आहे. त्याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष कुटुंबांसाठी मोलाचा आहे. ज्या नातेवाइकांना रुग्णाची खरी स्थिती आणि पुढे येणारे त्रास कळले होते, त्यांच्या रुग्णांवर शेवटच्या तीन महिन्यांत क्लेशदायक उपचार होण्याची शक्यता बरीच कमी होती. डॉक्टरांनी वेळेवर आणि स्पष्ट सांगितले तर रुग्णाचे हाल टळतात, असा त्याचा अर्थ आहे.

सर्वांत कठीण निर्णय अन्नाचा असतो. आई घास तोंडातच धरून ठेवते, पाणी पिताना ठसका लागतो, वजन उतरत जाते. अशा वेळी नाकातून राइल्स ट्यूब किंवा पोटाला छिद्र पाडून पेग ट्यूब घालण्याचा सल्ला दिला जातो आणि कुटुंबाला तो नाकारण्याचे धैर्य होत नाही. वैद्यकीय पुरावा मात्र या सल्ल्याच्या बाजूने नाही. प्रगत स्मृतिभ्रंशात नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते, न्यूमोनिया टळतो किंवा शय्याव्रण भरून येतात, असे संशोधनातून दिसलेले नाही. तोंडातली लाळ आणि पोटातून वर येणारे अन्न श्वासनलिकेत जायचे ते नळी असतानाही जाते. नळी का घातली आहे हे न कळल्यामुळे रुग्ण ती उपसून काढतो, मग त्याचे हात बांधले जातात आणि घासागणिक मिळणारा माणसाचा स्पर्शही संपतो. अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटीने २०१४ मधील आपल्या भूमिकेत प्रगत स्मृतिभ्रंशासाठी अन्न देण्याच्या नळीची शिफारस केली नाही. तिच्याऐवजी हाताने, सावकाश भरवण्याचा मार्ग सुचवला. रुग्णाला ताठ बसवायचे, चमचा लहान घ्यायचा, पेज किंवा मऊ भात घोटून द्यायचा, दोन घासांत पुरेसे थांबायचे आणि त्याने तोंड मिटले की आग्रह करायचा नाही. यात पोटात कमी जाते, तरी रुग्णाची चव आणि सोबत टिकते. पक्षाघातानंतर काही आठवड्यांत गिळणे सुधारण्याची आशा असते, तेव्हा नळीचा उपयोग वेगळा असतो. तिथला नियम इथे लावता येत नाही.

‘उपाशी मारले’ हा आरोप मराठी घरात सहन होणारा नाही. अन्न देणे हे आपल्याकडे कर्तव्यही आहे आणि प्रेम व्यक्त करण्याची रीतही. दारी आलेल्यालाही उपाशी न पाठवणाऱ्या संस्कृतीत आईच्या तोंडी घास न घालणे पाप वाटावे, यात नवल नाही. म्हणून कार्यकारणाचा क्रम नीट समजून घेतला पाहिजे. अखेरच्या टप्प्यात रुग्ण खात नाही म्हणून मरतो असे नसते. शरीर मृत्यूच्या जवळ आल्यामुळे त्याची अन्नाची मागणी थांबते. या अवस्थेत भुकेची जाणीव मंदावते आणि तोंडाची कोरड ओल्या बोळ्याने, ओठांना तूप लावून दूर करता येते. महाराष्ट्राला अन्नत्यागाने आलेला मृत्यू नवा नाही. १९६६ मध्ये सावरकरांनी आणि १९८२ मध्ये पवनार येथे विनोबा भाव्यांनी अन्न आणि औषधे थांबवून देह ठेवला, आणि समाजाने त्याकडे आदराने पाहिले. ही उदाहरणे स्मृतिभ्रंशाला जशीच्या तशी लागू होत नाहीत, हेही तितकेच स्पष्ट असावे. त्या दोघांनी पूर्ण शुद्धीत निश्चय केला होता. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे न खाणे हा निश्चय नसतो, ते आजाराचे लक्षण असते. त्यामुळे त्याला त्यागाचे रूप देऊन निर्णय सोपा करणे हेही अप्रामाणिकपणाचेच ठरेल. या मृत्यूंवरून एवढेच सांगता येते की अन्न थांबले म्हणजे प्रत्येक वेळी क्रौर्य झाले, असे आपली परंपराही मानत नाही.

संसर्ग आणि रुग्णालय हा दुसरा प्रश्न. न्यूमोनियावर तोंडाने देण्याचे प्रतिजैविक घरीच देता येते आणि पुष्कळदा त्यामागे लक्षणे कमी करण्याचाच हेतू असतो. शिरेतून औषध देण्यासाठी रुग्णालयात नेले की अनोळखी खोली, सुया आणि रात्रभर चालू असलेले दिवे यांनी रुग्ण भांबावतो, घाबरतो, ओरडतो. एक संसर्ग बरा होतो, काही आठवड्यांनी दुसरा येतो. अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर आणि बंद पडलेले हृदय चालू करण्यासाठी छातीवर दाब देणे हे उपचार परत उभे राहू शकणाऱ्या रुग्णासाठी आहेत. या टप्प्यात त्यांनी साधते फार थोडे, आणि छातीवर दाब देताना बरगड्या मोडण्याचा धोका असतो. असे पुनरुज्जीवन कधी करू नये, याविषयी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. तरीही सगळे उपचार एका फटकाऱ्यात नाकारणे चूक ठरेल. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया केल्याने वेदना कमी होऊ शकते, आणि तेवढ्यासाठीही ती योग्य ठरू शकते. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दातदुखी यांवर शेवटपर्यंत उपचार झालेच पाहिजेत. प्रत्येक उपचारासाठी कसोटी एकच: याने या माणसाचा त्रास कमी होईल की वाढेल?

ही कसोटी कुटुंबाने लावायची, पण ती कुटुंबाच्या सोयीने लावायची नाही. वैद्यकीय नीतिशास्त्राने यासाठी तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. रुग्णाने पूर्वी स्पष्ट इच्छा सांगितली असेल तर ती पाळावी. सांगितली नसेल तर त्याचे आयुष्य, श्रद्धा आणि बोलणे आठवून, तो शुद्धीवर असता तर त्याने काय निवडले असते, याचा शोध घ्यावा. तेही कळत नसेल तर त्याचे हित कशात आहे हे पाहावे. दुसरी पायरी आपल्याकडे विशेष अवघड आहे. आज ऐंशीच्या घरात असलेल्या असंख्य स्त्रियांना आयुष्यात कशाबद्दलच स्वतंत्रपणे विचारले गेले नाही. शिक्षण, लग्न, मुले, घर हे सगळे इतरांनी ठरवले. ‘तुम्हाला बरे वाटेल ते करा’ हे त्यांचे उत्तर संमती समजले जाते, आणि पुष्कळदा ती जन्मभराची सवय असते. अशा आईची इच्छा शोधायची तर सूचक गोष्टींकडे पाहावे लागते: सासूच्या आजारपणात ती काय म्हणाली होती, शेजारच्या कोणाच्या रुग्णालयातील मृत्यूबद्दल तिने हळहळ कशाची केली होती, तिला भीती मरणाची होती की परस्वाधीन होण्याची.

पूर्वीची इच्छा आणि आजची स्थिती यांत विरोध दिसला तर काय करावे, हा या विषयातील सर्वांत खोल वाद आहे. अमेरिकन विचारवंत रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९९३ मध्ये असे मांडले की माणसाने समर्थ असताना आपल्या संपूर्ण आयुष्याकडे पाहून घेतलेला निर्णय स्मृतिभ्रंशानंतरही बंधनकारक मानावा. कायद्याच्या अभ्यासक रिबेका ड्रेसर यांनी त्यावर आक्षेप घेतला: समोर असलेला माणूस आज आनंदात असेल, तर पूर्वीच्या ‘त्या’ माणसाच्या शब्दासाठी ‘या’ माणसाचे हित कसे डावलता येईल? दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि आजाराच्या टप्प्यानुसार त्यांचे वजन बदलते. मधल्या टप्प्यातला रुग्ण भजन ऐकून टाळी वाजवतो, नातवंडाला पाहून हसतो. त्याचा बरा होण्याजोगा न्यूमोनिया केवळ जुन्या कागदावर बोट ठेवून तसाच सोडणे अन्यायाचे आहे. अखेरच्या टप्प्यात असे सुख उरत नाही किंवा फार थोडे उरते आणि उपचारांचा क्लेश वाढलेला असतो. तिथे त्याने पूर्वी सांगितलेला शब्दच त्याचा उरलेला आवाज आहे आणि तो पाळला पाहिजे.

निर्णय कोण घेतो, हाही नैतिक प्रश्न आहे. शुश्रूषा बहुतेक घरांत सून, मुलगी किंवा पत्नी करते. अंघोळ घालणे, कूस बदलणे, रात्री जागणे तिच्या वाट्याला येते. निर्णयाच्या वेळी मात्र थोरला मुलगा, काका किंवा परदेशातून फोन करणारा भाऊ पुढे होतो. लांब राहणारा नातेवाईक अखेरच्या क्षणी येऊन सर्व उपचार करण्याचा हट्ट धरतो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की डॉक्टरांनी १९९१ मध्ये ‘कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी’ असे त्याचे नाव ठेवून त्यावर निबंध लिहिला. महाराष्ट्रात ती जागा अमेरिकेत किंवा बंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलाने घेतली आहे. त्याच्या आग्रहामागे बहुधा दुष्टपणा नसतो. दूर राहिल्याचे दुःख असते आणि आजार कसा वाढत गेला हे त्याने पाहिलेले नसते. म्हणून प्रकृतीची माहिती त्यालाही आधीपासून नियमित मिळाली पाहिजे. आणि सेवा करणाऱ्या व्यक्तीच्या मताला सर्वांत जास्त वजन असले पाहिजे. या तत्त्वाला न्यायालयाचाही आधार आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर ४२ वर्षे तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या प्रकरणात २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार वर्षानुवर्षे त्यांची काळजी घेणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

पैशाचा विचार निषिद्ध मानणेही योग्य नाही. चोवीस तासांची मदतनीस, डायपर, औषधे, पलंग भाड्याने घेणे हा खर्च वर्षानुवर्षे चालतो आणि त्यासाठी कोणी नोकरी सोडलेली असते. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळाले; पण ते रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. घरी केल्या जाणाऱ्या शुश्रूषेला त्याचा आधार नाही. याचा परिणाम असा की ज्या उपचाराचा रुग्णाला उपयोग कमी, त्याचा खर्च भागतो आणि ज्या सेवेची त्याला गरज असते, ती कुटुंबाला स्वतःच्या खिशातून करावी लागते. शासकीय योजनांतील ही उणीव दूर झाली तर अनेक निर्णय आपोआप सुकर होतील.

कायद्याबद्दल भीती मोठी आहे, माहिती थोडी. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मरण्याचा हक्क नाकारताना सन्मानाने जगण्याच्या हक्कात सन्मानाच्या मृत्यूचा समावेश असल्याचे मान्य केले. शानबाग खटल्यात जीवनरक्षक उपचार थांबवण्याला उच्च न्यायालयाच्या परवानगीने मुभा मिळाली. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाच्या आधारे लिव्हिंग विल, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, वैध ठरवले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली. आता अठरा वर्षांवरील, सुबुद्ध व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर असे इच्छापत्र करू शकते. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन त्यासाठी पुरते. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एक किंवा अधिक व्यक्तींची नावे त्यात लिहायची असतात आणि ते कधीही रद्द करता येते. उपचार थांबवायचे की नाही हे रुग्णालयातील डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ आणि जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेल्या डॉक्टरसह असलेले दुय्यम मंडळ तपासते. इच्छापत्र नसेल आणि रुग्ण निर्णयक्षम नसेल, तेव्हाही कुटुंबाच्या संमतीने हीच मंडळे निर्णय घेऊ शकतात. विषारी इंजेक्शन देऊन जीवन संपवणे भारतात गुन्हाच आहे. निरुपयोगी ठरलेला उपचार या प्रक्रियेने न देणे किंवा थांबवणे गुन्हा नाही. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून या तरतुदीकडे लक्ष वेधले.

यात स्मृतिभ्रंशाच्या कुटुंबांसाठी एक कठोर अट दडलेली आहे: इच्छापत्र सुबुद्ध अवस्थेतच करावे लागते. निदान उशिरा झाले तर ती संधी जाते. पुष्कळ कुटुंबे कुलमुखत्यारपत्रावर विसंबतात. पण भारतीय करार कायद्यानुसार ते देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की सामान्यतः ते अधिकारपत्रही संपते. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जाण्याची वेळ येते. म्हणून विसराळूपणा वाढल्याचे दिसताच तपासणी करणे आणि निदान रुग्णापासून न लपवणे, या दोन्ही गोष्टी शेवटच्या निर्णयाचाच भाग आहेत. ‘त्यांना कशाला सांगायचे, उगाच खचतील’ या मायेपोटी आपण त्यांचा स्वतःबद्दल बोलण्याचा अखेरचा अधिकार काढून घेतो.

सुखकर शुश्रूषा स्वीकारली म्हणजे काम संपले असे नाही; उलट ते वाढते. ‘आता घरी घेऊन जा’ एवढे सांगून, कोणतीही योजना न देता रुग्णाला पाठवणे म्हणजे त्याला टाकून देणेच आहे. बोलता न येणाऱ्या रुग्णाची वेदना श्वासाची लय, कण्हणे, चेहऱ्यावरचा ताण, अंग आखडणे आणि समजावल्यावर शांत होणे न होणे यांवरून मोजता येते आणि तशी पद्धत उपलब्ध आहे. ठरावीक अंतराने कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता, पाठीची त्वचा तपासणे, कोलेस्टेरॉलसारखी निरर्थक झालेली औषधे थांबवणे हे रोजचे काम आहे. धाप आणि तीव्र वेदना यांवर योग्य मात्रेतील मॉर्फिन परिणामकारक असते. २०१४ च्या कायदादुरुस्तीने त्याची उपलब्धता सोपी केली, तरी ते ठेवणारी केंद्रे फार कमी आहेत. केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे, धोरण स्वीकारून ती पंचायतींमार्फत घरापर्यंत नेली. परिचारिका दारी येते, स्वयंसेवक सोबतीला बसतात, म्हणून तिथल्या कुटुंबाला रुग्णालय हाच एकमेव आधार उरत नाही. महाराष्ट्रात अशा सेवेचे जाळे गावपातळीवर नाही आणि कर्करोगापलीकडच्या रुग्णांपर्यंत ती क्वचित पोहोचते.

प्रगत स्मृतिभ्रंशात नळी, व्हेंटिलेटर किंवा छातीवरचा दाब नाकारणारे कुटुंब आपले कर्तव्य टाळत नाही. त्रास कमी करण्याचे अधिक कष्टाचे कर्तव्य ते पत्करते, आणि समाजाने व डॉक्टरांनी त्या कुटुंबाला दोषी ठरवण्याऐवजी साथ दिली पाहिजे. त्यासाठी शासनाने घरपोच परिहार सेवा उभारावी, डॉक्टरांनी निदानाच्या वेळीच आजाराचा शेवट सांगावा, आणि प्रत्येक घरातील थोरांनी, आजार असो वा नसो, आपल्या इच्छा लिहून मुलांच्या हाती द्याव्यात. मुलांनीही त्या विचारायला संकोच करू नये.